गुणी पोर

सोलापूरच्या पूर्व भागात माझी अंगणवाडी आहे. आसपासच्या बहुतेक घरांत तेलुगू बोलतात, आणि बऱ्याच बायका विड्या वळतात.

त्या सोमवारी चार वर्षांची एक मुलगी रोजच्यासारखी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. भाऊ अडीच वर्षांचा. त्या वयाच्या मुलांना आम्ही घरी न्यायचा आहार देतो, पण ती त्याला आणते आणि मी परत पाठवत नाही. तो भिंतीला टेकून बसतो. रडत नाही, मागत नाही. मदतनीस ताई म्हणायच्या, "किती गुणी पोर!" चार वर्षांच्या पोरीला अडीच वर्षांचा भाऊ कडेवर झेपतो, हे मला आधीच खटकायला हवं होतं.

त्या दिवशी त्याच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली. ११.२ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. पुन्हा मोजलं, तेवढंच. पावलांवर अंगठे दाबून पाहिले; खड्डा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती. वजन ८ किलो ३०० ग्रॅम. मागचे दोन महिने ते जागचं हललं नव्हतं. आकडे मीच भरले होते आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून सोडले होते. त्याचं अजून वाईट वाटतं.

दुपारी घरी गेले. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. "एमी तिनडु, टीचर." काहीच खात नाही.

"अक्का, सकाळपासून काय काय दिलं ते सांगा."

चहा-बिस्किट. दहा वाजता पाच रुपयांचा पुडा. परत चहा-बिस्किट. पुडा हातात दिला की तो अर्धा तास गप्प बसतो, तेवढ्यात पन्नासेक विड्या होतात. हजार विड्यांवर मजुरी ठरते, त्या बाईला मी काय बोलणार? पण इवल्या पोटात गोड चहा गेला की भूक मरते, आणि जेवणासोबतचा चहा जेवणातलं लोहही अंगी लागू देत नाही.

घरात ज्वारीची भाकरी होती, तुरीचं वरण होतं, भाजलेले शेंगदाणे होते. मी तिथेच बसले. दाण्यांचं अगदी बारीक कूट केलं, कारण अख्खा दाणा एवढ्या मुलाच्या घशात अडकतो. त्यात गूळ घातला. भाकरी गरम वरणात कुस्करून मऊ केली, वर चमचाभर तेल. थोड्याशा घासात जास्त ताकद जायची तर तेल लागतंच. पोराने पाच घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. आई आणखी भरवायला निघाली, मी हात धरला. "आता नको, दोन तासांनी. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं." सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, तेवढं मी बघते.

मंगळवारी डॉक्टरांकडे नेलं. भूक होती, ताप-जुलाब नव्हते, म्हणून भरती करावं लागलं नाही. जादा आहार आणि दर आठवड्याला वजन, एवढं ठरलं.

सहाव्या आठवड्यात दंड ११.९ भरला. लालातून बाहेर आला, पण अजून पिवळ्यातच आहे, म्हणजे मध्यम कुपोषण. पण पट्टी लावताना त्याने ती ओढून फेकली आणि असा रडला की शेजारची बाई बघायला आली.