बेनिनच्या ओतीव पितळेतले पोर्तुगीज

परक्यांशी संबंध आला आणि आफ्रिकेची पारंपरिक कला बिघडली, असे सरसकट विधान वाचले की मला आजच्या दक्षिण नायजेरियातले बेनिनचे राज्य आठवते. गोवा घेण्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी, १४८० च्या दशकात, पोर्तुगीज तिथे पोहोचले. मेणाचा नमुना घडवून त्यावर मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही विद्या तिथल्या एडो समाजातल्या ओताऱ्यांना आधीपासूनच अवगत होती. पोर्तुगीजांनी आणले ते पितळ. मिरी, हस्तिदंत आणि (हे विसरता कामा नये) गुलाम यांच्या मोबदल्यात ‘मानिल्ला’ नावाची पितळी कडी येऊ लागली आणि त्यांतली पुष्कळशी थेट मुशीत गेली.

राजवाड्याच्या खांबांवर ठोकण्यासाठी सोळाव्या-सतराव्या शतकांत ओतलेल्या पाट्यांवर खिळ्यांची भोके अजून दिसतात. त्यांतल्या काहींवर लांब केसांचे, दाढीवाले, बाकदार नाकाचे पोर्तुगीज आहेत, पण मध्यभाग ओबाचा, म्हणजे राजाचा; परक्यांच्या वाट्याला बहुधा कोपरे आले आहेत.

राजमाता इडियाचा हस्तिदंती मुखवटा मला याहून बोलका वाटतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला हा मुखवटा जेमतेम २४ सेंटिमीटर उंच आहे. त्याच्या मुकुटावर एक दाढीवाला पोर्तुगीज चेहरा, मग एक चिखलमासा, पुन्हा चेहरा, अशी ओळ कोरलेली आहे. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगणारा तो मासा ओबाच्या दैवी सामर्थ्याचे चिन्ह, आणि समुद्रापलीकडून संपत्ती घेऊन येणारे हे पाहुणे सागर व समृद्धीचा देव ओलोकुन याच्या प्रांतातले. म्हणजे कारागिराने परक्यांना आपल्या दैवतकथेत जागा देऊन राजाच्या वैभवाची खूण करून टाकले.

१८९७ मध्ये इंग्रजी फौजेने बेनिन शहर घेतले, राजवाडा जळाला, ओबा ओवोनरामवेन यांना कालाबारला हद्दपार केले गेले आणि हजारो वस्तू लुटून युरोपात नेल्या गेल्या. तिथे काही विद्वानांनी या कामाचे मूळ इजिप्तमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये शोधायला घेतले. ज्यांना ओताऱ्यांनी कोपऱ्यात बसवले, त्यांनाच गुरू ठरवण्याचा हा उद्योग मला अजब वाटतो. जर्मनीने २०२२ मध्ये आपल्याकडच्या हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. ब्रिटिश म्युझियम मात्र संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला आडकाठी करणाऱ्या १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवते, आणि इडियाचा असाच दुसरा एक मुखवटा त्याच्याच संग्रहात आहे.