मागच्या चाकाचं पान: सुटे भाग न मिळणाऱ्या बाइकवर अठराशे किलोमीटर

चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला मागून किरकिर ऐकू यायला लागली. चेन कोरडी पडली असेल म्हणून थांबलो, तेल सोडलं, पुढे निघालो. आणखी वीसेक किलोमीटरवर एका वळणात गाडीचं मागचं अंग असं काही डुललं की पंक्चरच झालं असं वाटलं. उतरून पाहिलं तर टायर टणक. गाडी डबल स्टँडवर घेतली, चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, तर खट्-खट्. मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, बेअरिंग गेलं होतं, आणि माझ्या वहीत नेमकं तेवढंच पान कोरं होतं.

वहीचं आधी सांगतो. गाडी चिनी बनावटीची, कार्बोरेटरवाली, टाकीवर २५० लिहिलेली. आयात करणाऱ्यांनी दोन-तीन वर्षं विकली आणि मॉडेल बंद केलं. सुट्या भागांची चौकशी केली की ‘मागवावं लागेल’ एवढंच उत्तर. मागवलेली क्लच केबल चार महिन्यांनी आली, ती दुसऱ्याच मॉडेलची. म्हणून आठ दिवसांच्या या फेरीला निघण्याआधी दोन शनिवार-रविवार घालवून गाडी खोलली आणि हाताला लागेल त्या प्रत्येक भागावर काय कोरलंय ते वहीत उतरवून घेतलं. पुढचं चाक झालं, इंजिनाच्या बाहेरची सीलं झाली, चेन-स्प्रॉकेट, प्लग, ब्रेक पॅड झाले. मागचं चाक काढायचं तेवढं राहिलं, कारण पाऊस आला आणि मला कंटाळा.

अशी गाडी घेतली असेल तर कंपनीच्या नावाचा नाद सोडा. टाकीवर ज्यांचं नाव असतं ते यातलं फार थोडं स्वतः बनवतात. बेअरिंग, ऑइल सील, चेन, प्लग, बॅटरी हे सगळं ठरलेल्या मापांत येतं आणि माप बहुतेक वेळा भागावरच कोरलेलं असतं. सीलवर २०×३४×७ असं काही दिसलं तर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी; दुकानात एवढंच सांगायचं. चेनवर ४२८ असेल तर दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, ५२० असेल तर १५.८७५. कुठल्या गाडीची चेन, हा प्रश्नच उरत नाही. कड्या मात्र मोजून ठेवा.

इंजिनाचंही तेच. क्रँककेसवरचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावरचा, क्रमांक पुसून वाचा. माझ्यावर आहे १६७एफएमएम. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ६७ म्हणजे बोअर, सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे हवेवर थंड होणारं, आणि शेवटचं अक्षर आकाराचा वर्ग सांगतं: आय १२५, जे १५०, एल २००, एम २५०. माझा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ६५. गणित केलं तर २२९ सीसी भरतं, म्हणजे टाकीवरचे २५० कौतुकाचे. या जातीच्या पुशरॉड (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) इंजिनांची मुळं होंडाच्या १९७६ सालच्या सीजी १२५ पर्यंत जातात. अनोळखी गॅरेजमध्ये ब्रँडचं नाव सांगितलं की मेकॅनिक ‘हे आपल्याकडे होत नाही’ म्हणून हात वर करतो. ‘सीजी टाइप पुशरॉड’ म्हटलं की पाना शोधायला लागतो. हे मी या फेरीत दोनदा अनुभवलं.

पहिले तीन दिवस सांगण्यासारखं फारसं नाही. दुसऱ्या दिवशी क्लच केबल लिव्हरपाशी तुटली, पण ती तुटणार हे धरूनच चाललो होतो. जुन्या केबलच्या मापाची दुसरी केबल निघतानाच तिच्या शेजारून ओवून, दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवली होती. टाकी काढायला लागली नाही, वीस मिनिटांत निघालो. ही एक युक्ती तरी कराच.

आता मागचं चाक. तीन किलोमीटर गाडी ढकलत, उतारावर बसून, एका वस्तीत पोचलो. तिथे गॅरेज नव्हतं, वेल्डिंगचं दुकान होतं. अ‍ॅक्सल काढला तर बेअरिंगच्या गोळ्या हातात आल्या. आतली रिंग अ‍ॅक्सलला चिकटलेली, बाहेरची हबमध्ये घट्ट बसलेली. चांगलं बेअरिंग काढायचं तर विरुद्ध बाजूने लांब दांडा घालून, मधला स्पेसर जरा बाजूला सारून आतल्या रिंगेच्या काठावर ठोकतात. इथे आतली रिंगच नाही, ठोकायचं कशावर? मी छिन्नी उचलली तसा वेल्डर म्हणाला, “भाऊ, ती ठेवा खाली. हब ॲल्युमिनियमचा आहे, ओरखडा पडला की संपलं.” त्याने हबवर ओलं फडकं गुंडाळलं आणि बाहेरच्या रिंगेच्या आतल्या पृष्ठभागावर, गोळ्या फिरतात त्या खाचेत, वेल्डिंगचा एक पूर्ण वेढा मारला. दोन मिनिटं थांबलो. वेल्ड थंड होताना आक्रसतं आणि रिंगेला आत ओढतं. चाक उलटं करून लाकडावर आपटलं, रिंग टण्णकन खाली पडली. दोन तास छिन्नीने जे झालं नसतं ते. चाक गाडीवर असताना मात्र हे करू नका. वेल्डिंगचा करंट वायरिंगमध्ये शिरला तर सीडीआय, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा, जाईल.

पडलेल्या रिंगेवरचा क्रमांक वेल्डच्या काळ्या थराखाली. रॉकेलचं फडकं, मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचला: ६३०२. ही अक्षरं सरळ उजेडात दिसत नाहीत, तिरक्या उजेडात सावली पडते तेव्हा दिसतात. ६३०२ म्हणजे आत १५, बाहेर ४२, जाडी १३. पुसट असेल तर व्हर्नियरने, म्हणजे सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीने, तिन्ही मापं घ्या, क्रमांक आपोआप ठरतो. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणायचं.

६३०२ कुठे मिळालं? विजेच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी बसने जाऊन आणलं. वाटेत बेअरिंग हवं असेल तर बाइकच्या दुकानांआधी मोटर-पंपवाले गाठा, त्यांच्या खणात ही मापं असतातच. त्याच्याकडे ‘झेडझेड’ होतं, दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असलेलं. चाकाला ‘२आरएस’, म्हणजे रबरी सील असलेलं, बरं, कारण पत्र्याच्या फटीतून पाणी शिरतं. पण होतं ते घेतलं, परतल्यावर बदललं. अशा वेळी आदर्श शोधत बसलात तर मुक्काम वाढतो.

नवं बेअरिंग बसवायच्या आधी जुनं कशामुळे गेलं, हे पाहायला हवं होतं, कारण गाडी जेमतेम नऊ हजार चाललेली. दोन बेअरिंगांच्या मध्ये हबमध्ये एक नळी असते, तोच स्पेसर. अ‍ॅक्सलचा नट आवळला की सगळा दाब या नळीने घ्यायचा असतो. हबमधल्या दोन खांद्यांमधलं, म्हणजे बेअरिंगं टेकतात त्या कडांमधलं, अंतर व्हर्नियरच्या शेपटीने मोजलं, मग नळी मोजली. नळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त आखूड! म्हणजे नट आवळला की दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जाणार आणि गोळ्या कडेने घासणार. नऊ हजार टिकलं हेच नवल. वेल्डरने पातळ पत्र्यातून वायसर कापून दिला, बाहेरचा व्यास फक्त आतल्या रिंगेएवढा ठेवून. नळी आता खांद्यांपेक्षा किंचित, दहा-वीस शतांश मिलिमीटर, लांब भरली. नट पूर्ण आवळूनही चाक बोटाने फिरलं. तुमच्या गाडीचं मागचं चाक नट आवळल्यावर जड फिरत असेल, तर ब्रेकला दोष देण्याआधी हे माप घ्या.

बसवताना नवं बेअरिंग बाहेरच्या रिंगेवरच ठोकायचं. त्यासाठी जुन्याची रिंग ठोकळा म्हणून वापरतात. माझी वेल्डने आक्रसून वाकडी झाली होती, म्हणून योग्य मापाचं सॉकेट वापरलं. या सगळ्यात दीड दिवस गेला. पुढच्या चाकाचं पान वहीत भरलेलं होतं आणि त्या आकड्यांची दोन बेअरिंगं माझ्या पिशवीत होती. त्यांना काहीही झालं नाही, अर्थात.

सहाव्या दिवशी बॅटरी बसली. हॉर्न आधी चिरका झाला, मग सेल्फ बंद. सीडीआय एसी जातीचा, म्हणजे बॅटरीवर न चालता थेट इंजिनाच्या कॉइलवर चालणारा, असल्याने गाडी किकवर चालत राहिली. बॅटरीवर चालणारा डीसी सीडीआय असता तर रस्त्यावरच थांबलो असतो. आपला कुठला, हे घरी असताना बॅटरी काढून किक मारून कळतं. (बॅटरी लावलेली असताना, इंजिन चालू ठेवून ती काढू नका.) मल्टिमीटर बॅटरीला लावला: इंजिन वाढवलं तरी १२ च्या खालीच. १३.५ ते १४.५ दिसायला हवं. स्टेटरचा (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉइलचा) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून दोन पिवळ्या वायरींमध्ये एसी मोजलं, रेस केली तसे व्होल्ट चढत गेले. म्हणजे कॉइल ठीक, ती वीज आवरून बॅटरीला देणारा रेग्युलेटर गेला.

इथे वहीने अर्धीच साथ दिली. वहीत ‘रेग्युलेटर, ४ पिन’ एवढंच होतं. दुकानात चार पिनांचे तीन नग समोर आले, कपलर तिन्हींचा सारखा, पिनांचा क्रम वेगळा. आणखी एक भानगड: काही हाफ-वेव्ह असतात, एसीची अर्धी लाटच वापरणारे, काही फुल-वेव्ह, पूर्ण वापरणारे. स्टेटरचं एक टोक इंजिनाच्या बॉडीला अर्थ केलेलं असेल तिथे फुल-वेव्ह लावला तर तो जळतो. पिवळी वायर आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी तपासली. बीप आला नाही, म्हणजे दोन्ही टोकं मोकळी, फुल-वेव्ह चालेल. मग कपलर बाजूला ठेवून वायरी एकेक जोडल्या: लाल बॅटरीला, हिरवी अर्थला, दोन पिवळ्या स्टेटरला. या गाड्यांत हिरवी बहुतेक अर्थ असते, पण बहुतेकवर विसंबू नका, मोजून घ्या. रेस केल्यावर १४.१. तुम्ही निघण्याआधी कपलरचा फोटो काढा, प्रत्येक पिनमध्ये कुठला रंग जातो ते लिहा, आणि हा अर्थचा तपास करून ठेवा. दहा मिनिटांचं काम.

कुठल्याच मापात न बसणाऱ्या वस्तूंची भीती खरी: हँडलचे स्विच, लॉक-किल्ली, मीटर, टाकी, प्लास्टिक. यांना पर्याय शोधण्यापेक्षा त्यांना जपणं सोपं. क्लच कव्हरचं गॅस्केट मी आधीच जुन्यावरून गॅस्केट पेपरवर आखून, कापून, दोन पुठ्ठ्यांत घालून नेलं होतं, लागलं नाही. कंपनीचे बोल्ट मऊ असतात, त्यामुळे सहा आणि आठ मिलिमीटरचे चांगले बोल्ट मूठभर ठेवा आणि निळं थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव. ॲल्युमिनियममधला सहाचा बोल्ट साधारण दहा न्यूटन-मीटरवर सोडून द्या. हौसेने आवळलात की आटे जातात. मागच्या स्प्रॉकेटचे नट रोज संध्याकाळी हाताने तपासत होतो, दोनदा सैल सापडले.

परतल्यावर मागच्या चाकाचं पान भरलं: हबमध्ये ६३०२ दोन, स्प्रॉकेटच्या बाजूला आणखी एक, त्याचा क्रमांक वेगळा, मध्ये पत्र्याचा वायसर. स्पीडोमीटरचा दात असलेला गिअर सातव्या दिवशी झिजून गेला. त्याच्यावर ना क्रमांक, ना माप. दात मोजले, व्यास घेतला, मातीत पडलेला तुकडा डबीत ठेवलाय. तोवर किलोमीटर मोबाइलवर.