काकांच्या डार्करूमची रिळं

लातूरचा स्टुडिओ बंद केल्यावर मोठ्या काकांनी डार्करूमचं सामान पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. मला त्यातल्या फिल्म धुण्याच्या टाकीत ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायचा, म्हणजे डेव्हलप करायचा आहे, म्हणून यंदा पेटी उघडली. पॅटरसन कंपनीची प्लास्टिकची टाकी आतून तपकिरी झालेली, ट्रेच्या कडांना काळा थर, टाकीत फिल्म ज्यांवर गुंडाळतात त्या रिळांच्या खाचांत पांढरे कण.

काका म्हणाले, "डागांच्या मागं लागू नको. तपकिरी डेव्हलपरचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा, काळा फिल्म-कागदावरच्या चांदीचा. धुतल्यावर हाताला लागत नसेल तर राहू दे. रीळ मात्र बोटानं चाचपून बघ. अंधारात फिल्म मधेच अडली तर काय करशील?"

पांढरे कण दोन प्रकारचे होते. सुकलेलं हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं फिक्सरचं रसायन, कोमट पाण्यात विरघळतं. बोअरच्या पाण्याचा क्षार मात्र तसा निघत नाही, त्याला किराणा दुकानातलं लिंबूसत्व पाण्यात घालून लावावं लागतं. इथं क्रम फार महत्त्वाचा. हायपोवर लिंबूसत्वासारखं आम्ल पडलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो, नाकाला झोंबतो. म्हणून आधी साध्या पाण्यानं हायपो पूर्ण काढलं, मगच लिंबूसत्व. ब्लीच घरात आणलंच नाही, आम्लात मिसळलं की त्यातून क्लोरीन निघतो. काम अंगणात केलं, हातमोजे घालून. सुकलेली भुकटी न झटकता ओल्या फडक्यानं टिपली.

खरा वेळ गेला रिळांवर. फिल्मवर पाण्याचे थेंब राहू नयेत म्हणून शेवटी वापरतात त्या वेटिंग एजंटचा थर खाचांत बसतो, डोळ्यांना दिसत नाही, पण फिल्म सरकू देत नाही. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश घेऊन खाच न् खाच घासली. रिळाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना बारीक छर्रे असतात, ते मोकळे फिरेपर्यंत सोडलं नाही. उकळतं पाणी टाळलं, प्लास्टिक वाकतं. नंतर रिळं सावलीत खडखडीत वाळवली, कारण ओलसर रिळावर फिल्म हमखास चिकटते. वाया गेलेली फिल्म आधी उजेडात चढवून बघितली, मग डोळे मिटून.

टाकीची मधली नळी काकांनी लगेच रिळांत ओवून ठेवली. ती नसेल तर झाकण लावूनही उजेड आत जातो.

आता पाण्याचं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात शेवटी रसायन काढायला नळ चालू सोडून फिल्म धुणं मला पटत नाही. फिक्सरमध्ये हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसेल तर इलफर्ड या फिल्म कंपनीची पद्धत पुरते: टाकी भरून ५ वेळा उलटी करायची, पाणी बदलून १०, पुन्हा बदलून २०. शेवटचं पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, म्हणजे फिल्मवर क्षाराचे ठिपके उरत नाहीत. आणि वेटिंग एजंटमध्ये बुडवण्याआधी फिल्म रिळावरून काढायची, नाहीतर खाचा पुन्हा चिकट होतात.

डेव्हलपर २० अंशांवर हवा. सध्या आमच्या घरच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं, म्हणून पहिला रोल पहाटे धुवायचा, बाटल्या बर्फाच्या घमेल्यात ठेवून.