मोशीचा मोठ्ठा बंब

लहानपणी सुट्टीत साताऱ्याकडे गावी गेलो की सकाळी बंब पेटवायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. करवंट्या, चिपाडं, कणसांची बुरकुंडं, जुन्या वह्या, म्हणजे घरचा कचराच की सगळा. एकदा मी आळसाने केरातले भाजीचे देठ आणि कलिंगडाची सालं पण आत कोंबली. असला धूर झाला की परसात कुणी थांबेना आणि पाणी मात्र कोमट पण नाही. आजी म्हणाली, "आरं वलं घालू नगंस, बंब हाय त्यो, उकिरडा न्हाय."

हे परवा आठवायचं कारण म्हणजे मोशी. आम्ही पिंपरी-चिंचवडवाले, आमचा कचरा मोशीच्या डेपोत जातो आणि तिथे कचऱ्यापासून वीज बनवणारा प्लांट आहे, १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधान पुण्यात आले होते तेव्हा उद्घाटन झालं. रोज ७०० टन कचरा आणि १४ मेगावॅट वीज अशी क्षमता. आत काय तर बंबच, जाळीवर कचरा जळतो (फक्त ती जाळी हलती असते), त्यावर पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन. धूर मात्र आपल्यासारखा परसात सोडून चालत नाही, ८५० अंशाच्या वर तापवून, धुऊन, गाळून सोडावा लागतो नाहीतर डायॉक्सिनसारखं विष बाहेर पडतं. आणि राख उरतेच, त्यातली धुरातून गाळलेली बारीक राख तर घातक कचरा म्हणून वेगळीच ठेवायची.

पण मुद्दा आजीचाच आहे. ओलं. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाचा असाच प्लांट उभारला होता, रोज ३०० टन कचरा आणि पावणेचार मेगावॅट वीज असा हिशोब, आणि काही आठवड्यांत बंद! कारण मशीन बनलं होतं तिकडच्या कोरड्या कचऱ्यासाठी आणि आपल्या कचऱ्यात निम्मं पाणी आणि वर माती, ते स्वतः जळेल की आधी पाणी उकळत बसेल. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत म्हणूनच किलोला १५०० किलोकॅलरीचा आकडा घातला होता, तेवढा किंवा जास्त उष्मांक असलेला आणि रिसायकल न होणारा कचरा पुरायचा नाही, ऊर्जेसाठी वापरायचा.

आता गंमत अशी की कचऱ्यात चांगलं जळतं काय? प्लास्टिक, पुठ्ठा, कागद. आणि विकलं काय जातं? तेच! पुण्यात १९९३ पासून कचरावेचकांची संघटना आहे तिचं नावच बघा, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातला पहिलाच शब्द बंबाला हवाय. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "पुठ्ठा जाळायला द्यायचा मग आम्ही काय न्यायचं दादा?" मला काही उत्तर सुचलं नाही, खरं सांगतो.

डेन्मार्कचं उदाहरण सगळेच देतात, कोपनहेगनला प्लांटच्या छतावर लोक स्कीइंग करतात वगैरे. पण तिकडे तो खरोखरचा बंब आहे, गरम पाणी पाइपने घराघरात जातं, आपल्याकडे ते कोण घेणार, त्यामुळे आपण फक्त वीज काढतो आणि बरीचशी उष्णता वायाच जाते. आणि त्यांचा बंब इतका मोठा झाला की पुरेसा कचराच मिळेना, बाहेरच्या देशातून आणायला लागले, शेवटी २०२० मध्ये त्यांनी ठरवलं की २०३० पर्यंत जाळायची क्षमता ३० टक्क्यांनी कमी करायची. आपण आता कुठे काडी ओढतोय. प्लांट नको असं नाही म्हणत मी, मोशीच्या कचऱ्याच्या डोंगराजवळून पावसाळ्यात गेलेला माणूस तसं म्हणणारच नाही, पण प्लांट जेवढा मोठा तेवढी त्याला रोज भूक लागणार, आणि मग वर्गीकरण कोण मनावर घेणार.

तर मागच्या आठवड्यात मी बॅगा तोलायचा काटा काढला आणि घरचा कचरा मोजला. बायकोने आधी वेड्यात काढलं, मग तीच आकडे लिहून घ्यायला लागली. सात दिवसांत ओला कचरा साडेसहा किलो, तो खाली सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात. ताईंनी नेलं दोन किलो, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठे, पेपर. उरलं काय, तर चिप्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, फाटकी चप्पल, एक जुनं पायपुसणं. एक किलो शंभर ग्रॅम. ७०० टनाला १४ मेगावॅट म्हणजे किलोला साधारण अर्धा युनिट पडतो, तेवढ्यात गीझरवर एक बादली पाणी तापतं.

चौघांचा आठवड्याचा कचरा आणि आंघोळ एकाची.