किरकूकमध्ये माणसं मोजली गेली तो बुधवार

20 आणि 21 नोव्हेंबर 2024 ला इराकमध्ये जनगणना झाली. दोन दिवस सगळ्या देशात संचारबंदी. शाळा, कचेऱ्या, दुकानं बंद, सगळ्यांनी घरातच थांबायचं आणि टॅबलेट घेऊन दारात येणाऱ्या गणकाला माहिती द्यायची. सबंध देशाची अशी मोजणी त्याआधी 1987 मध्ये झाली होती. 1997 ची झाली, पण तीन कुर्दी प्रांत वगळून. मधल्या 37 वर्षांत या देशाने कुवेतचं युद्ध, आर्थिक निर्बंध, अमेरिकेचं आक्रमण, शिया-सुन्नी दंगली आणि आयसिस एवढं सगळं पाहिलं. आपण नेमके किती जण आहोत हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा उत्तर इराकमधल्या किरकूकजवळच्या एका गॅस टर्बाइन केंद्रात शिफ्ट इनचार्ज होतो. वीजकेंद्राला संचारबंदी लागू होत नाही. कुणीतरी दोन दिवस आतच मुक्काम करून मशीन चालवायला हवी. त्याचा ड्युटी चार्ट माझ्याकडे आला. एरवी अशा ड्युटीला ओव्हरटाइम मिळतो म्हणून माणसं स्वतःहून नावं देतात. या वेळी एकानेही दिलं नाही. उलट एकेक जण केबिनमध्ये येऊन खुर्ची ओढून बसायचा आणि हळूच विचारायचा, "मुहंदिस (म्हणजे इंजिनिअर), आमच्यातले किती जण आत ठेवताय? आणि त्यांच्यातले किती?"

मोजणीच्या दिवशी घरी नसलो तर आपलं नाव राहून जाईल, आणि आपलं नाव राहिलं तर किरकूकमध्ये आपला एक माणूस कमी होईल, ही भीती प्रत्येकाला होती. कुर्दांना होती, तुर्कमेनांना होती आणि अरबांनाही होती. घरातलं कुणीही सगळ्यांची माहिती देऊ शकतं हे मी प्रत्येकाला समजावलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी, पण विश्वास बसलेला दिसला नाही.

हे कळायला किरकूक समजावं लागतं. इराक म्हटलं की आपल्याकडे अरबांचा मुस्लिम देश एवढंच डोळ्यांपुढे येतं. ढोबळ अंदाज असा की लोकसंख्येत तीन चतुर्थांशांहून अधिक अरब, 15 ते 20 टक्के कुर्द आणि उरलेल्यांत तुर्कमेन, असीरियन, खाल्डियन, यझिदी, शबक, काकाई, मंदाई. अरबांत बहुसंख्य शिया, कुर्दांत बहुसंख्य सुन्नी, तुर्कमेनांत दोन्ही. बसऱ्याकडे आफ्रिकी वंशाचे काळे इराकी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. देशभर विखुरलेलं हे सगळं किरकूकमध्ये एका गावात येऊन बसलंय. आणि त्या गावाखाली तेल आहे. 1927 मध्ये बाबा गुरगुरला पहिली मोठी विहीर लागली, तेव्हापासून गाव कुणाचं हा प्रश्न मिटलेला नाही.

माझ्या शिफ्टचा सुट्ट्यांचा तक्ता पाहिला असतात तर हे सारं एका कागदावर दिसलं असतं. 21 मार्चला नवरोज म्हणून कुर्दांना सुट्टी हवी. 1 एप्रिलला असीरियन नववर्ष. एप्रिलमधल्या एका बुधवारी यझिदी वेल्डरची सुट्टी. आशुरा आणि अरबईनला शिया मंडळी करबल्याच्या वाटेवर. ईद सगळ्यांची, पण शियांची आणि सुन्नींची कधीकधी एक दिवसाच्या फरकाने. वर्षभर एकमेकांच्या सुट्ट्या भरून काढणारी हीच माणसं मोजणीच्या आठवड्यात एकमेकांकडे बघायला तयार नव्हती.

शेवटी मी प्रत्येकातला एकेक घेतला आणि मंगळवारी रात्री गेट बंद झालं.

बुधवारी सकाळी कंट्रोल रूममध्ये आमचे स्टोअरकीपर हाजी चहा घेऊन आले. तुर्कमेन, निवृत्तीला आलेले, अरबी, कुर्दी आणि तुर्कमेनी तिन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणारे. जुन्या किरकूककरांत अशी माणसं अजून भेटतात. मी सहज म्हटलं, "हाजी, फॉर्मवर कौमेचा रकानाच नाही, मग एवढी काळजी कशाला?"

खरंच नव्हता. प्रश्न सत्तरच्या वर. खोल्या किती, पाणी कुठून येतं, कोण कमावतं, शिक्षण काय, गाडी आहे का. पण तुम्ही अरब की कुर्द की तुर्कमेन, शिया की सुन्नी, हे विचारायचं नाही असं सरकारने ठरवलं होतं. धर्म तेवढा विचारायचा. याच वादापायी ही मोजणी वर्षानुवर्षं पुढे ढकलली जात होती.

हाजींनी उत्तर द्यायच्या आधी मोबाइल काढला आणि एका जुन्या कागदाचा फोटो दाखवला. कडा पिवळ्या पडलेल्या, वर शिक्का, खाली थरथरत्या हाताची सही. त्यांच्या मोठ्या भावाचा अर्ज होता तो. 2001 मध्ये सद्दामच्या क्रांती परिषदेने 199 क्रमांकाचा हुकूम काढला होता. 18 वर्षांवरील कुणाही इराकीला आपली कौम बदलून अरब करून घेण्याचा ‘हक्क’ त्याने दिला. सरकारी भाषेत याला कौमेची दुरुस्ती म्हणायचे. दुरुस्ती न करणाऱ्याला किरकूकमध्ये घर घेणं, नोकरी टिकवणं, रेशनकार्ड सांभाळणं कठीण करून ठेवलं होतं.

"भावाला तीन मुली होत्या, नोकरी जाणार होती. त्याने सही केली," हाजी म्हणाले. "मी केली नाही, कारण माझं लग्न झालं नव्हतं. मी शूर होतो म्हणून नाही. एकाच आईच्या पोटचे आम्ही, कागदावर तो अरब आणि मी तुर्कमेन. मुहंदिस, रकाना नसला तरी काळजी असते. रकाना असला तर जास्त असते."

त्याच्याही आधीची गोष्ट आमचा कुर्द फोरमन जाणतो. 1987 च्या मोजणीत अरब आणि कुर्द असे दोनच पर्याय होते. यझिदी, असीरियन, शबक, तुर्कमेन, सगळ्यांनी दोनांतला एक घ्यायचा. आणि डोंगराळ भागातली जी कुर्दी गावं सरकारने निषिद्ध ठरवली होती, तिथल्या लोकांना गाव सोडून सरकारी वसाहतीत आल्याशिवाय नाव नोंदवता येत नव्हतं. जे आले नाहीत त्यांचं नागरिकत्व गेलं. मोजणी ऑक्टोबरमध्ये झाली आणि फेब्रुवारी 1988 मध्ये अन्फाल, म्हणजे सद्दामची कुर्दांविरुद्धची लष्करी मोहीम, सुरू झालं. मानवाधिकार संघटनांच्या अंदाजाने 50 हजार ते एक लाख माणसं त्यात मारली गेली, कुर्द 1,82,000 सांगतात. कोण आत आणि कोण बाहेर हे त्या यादीने आधीच ठरवून टाकलं होतं. फोरमनचा आजा गावातच राहिला होता. याहून जास्त तो कधी बोलत नाही, मीही विचारत नाही.

दुपारी बाराच्या सुमारास गॅसचा दाब पडू लागला आणि एका युनिटचा लोड उतरवावा लागला. फिल्टर बदलायला काकाई टेक्निशियन आणि मी दोघं खाली गेलो. काकाई हा फार जुना, आपल्या श्रद्धेबद्दल बाहेर फारसं न बोलणारा समाज. त्यांची गावं किरकूकच्या दक्षिणेला दाकूकजवळ आहेत. पुरुष भरघोस मिशा राखतात, तीच त्यांची खूण, आणि आयसिसच्या काळात तीच खूण जिवावर बेतली. आम्ही नटबोल्ट सैल करत असताना त्याचा फोन वाजला. मुलाचा होता, गणक दारात आले होते.

वादग्रस्त भागातल्या पथकांत अरब, कुर्द आणि तुर्कमेन तिघेही असावेत, ख्रिस्ती वस्ती असेल तिथे ख्रिस्तीही असावा, आणि मिळालेली माहिती 1957 च्या नोंदींशी ताडून पाहावी, असं बगदाद आणि अर्बिल, म्हणजे कुर्दिस्तान प्रदेशाची राजधानी, यांच्यात ठरलं होतं. त्यामुळे दारात एक माणूस नव्हता. आमच्या टेक्निशियनने एका हातात पाना धरूनच खोल्या, पाणी, मुलांची शिक्षणं अशी उत्तरं भराभर दिली. मग थांबला. पाना पाइपवर ठेवला.

"विचारतोय कोण? तिघांपैकी कोण?" त्याने मुलाला विचारलं.

पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं.

"आणि बाकीचे दोघं कुठे उभे आहेत? त्यांना ऐकू जातंय?"

प्रश्न धर्माचा असणार हे मला कळलं. इराकच्या घटनेत दुसऱ्या कलमात ख्रिस्ती, यझिदी आणि मंदाई-साबियन यांची नावं आहेत. काकाईंचं नाही. त्यांच्यातच एक मत असं की आपण मुसलमानच, दुसरं असं की आपला धर्म वेगळा. दारात तीन अनोळखी माणसं उभी असताना सतरा-अठरा वर्षांच्या पोराने याचा निकाल लावायचा होता. टेक्निशियन फोन घेऊन टर्बाइन हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथल्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. परत आला, पाना उचलला आणि म्हणाला, "चल, ओ-रिंग दे." काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याने मिशीवरून हात फिरवला नाही, डोळे पुसले नाहीत, काही नाही. दीड तासात युनिट पुन्हा पूर्ण लोडवर घेतलं.

रात्री जेवणाच्या टेबलावर मात्र कोंडी फुटली. विषय 1957. त्या साली किरकूकमध्ये लोकांना मातृभाषा विचारली होती आणि त्या मोजणीवर सगळ्यांचा त्यातल्या त्यात विश्वास आहे. हाजींनी शहराचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले: तुर्कमेनी बोलणारे सुमारे 45 हजार, कुर्दी 40 हजार, अरबी 27 हजार. फोरमन म्हणाला, शहर सोडा, प्रांत बघा: कुर्द 48 टक्के, अरब 28, तुर्कमेन 21. दोघेही खरं बोलत होते, एकाच पुस्तकातून. अरब ऑपरेटर ऐकत होता. त्याचे आईवडील सद्दामच्या काळात नासिरियाहून इथे आणले गेले, जमीन आणि पैसे देऊन. 2005 च्या घटनेतल्या 140 व्या कलमानुसार अशा कुटुंबांना भरपाई घेऊन मूळ गावी परतण्याची सोय केली, डिसेंबर 2007 पर्यंत तिथे जनगणना आणि किरकूक कुर्दिस्तानात जावं का यावर सार्वमत घ्यायचं ठरलं. सार्वमत आजतागायत झालेलं नाही. तो एवढंच म्हणाला, "माझा जन्म याच गावातल्या दवाखान्यात झालाय. नासिरियात मी फक्त मयतीला जातो."

असीरियन इलेक्ट्रिशियनला हसू आलं. "तुम्ही किती आहात यावर भांडा. आम्ही किती उरलोय ते मी सांगतो. माझा एक भाऊ स्वीडनला, एक डेट्रॉइटला." 2003 पूर्वी इराकमध्ये दहा लाखांच्या वर ख्रिस्ती होते. आता अडीच लाखांहून कमी राहिलेत असं धरतात.

मी पुण्याचा आहे हे कळल्यावर हाजींनी विचारलं की तिकडे कुणी इराकी होतं का. मी त्यांना बगदादच्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याबद्दल सांगितलं. 1830 च्या दशकात ते मुंबईत आले, पुण्यातलं लाल देऊळ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ त्यांनी बांधायला घेतलं आणि त्यांची कबरही तिथेच आहे. आमच्याकडे गरिबातला गरीब माणूस त्यांच्या नावाच्या दवाखान्यात जातो. हाजी बराच वेळ ऐकत राहिले. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी किरकूकच्या किल्ल्यात ज्यूंची घरं होती. 1947 च्या जनगणनेत इराकमध्ये एक लाखाच्या वर ज्यू होते, 1951 संपेपर्यंत बहुतेक सगळे गेले होते, नागरिकत्व मागे ठेवून. आज बगदादमध्ये बोटांवर मोजण्याइतके आहेत. मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. एका पिढीच्या आत एक मोठा समाज तक्त्यातून नाहीसा होऊ शकतो, आणि टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

माझं मत विचाराल तर कौमेचा रकाना काढला ते योग्य झालं. तो असता तर मोजणी झालीच नसती, आणि शाळा, दवाखाने, वीज यांचा हिशोब आणखी दहा वर्षं अंदाजपंचे चालला असता. आमच्या लोड डिस्पॅचलासुद्धा कुठल्या भागात किती घरं आहेत हे खात्रीने माहीत नव्हतं. पण त्याची किंमत काकाई, शबक, मंदाई यांनी चुकवली हेही खरं. मोठ्यांना आपला आकडा सांगायला पक्ष आहेत, टीव्ही चॅनेल आहेत. छोट्यांना सरकारी कागदाशिवाय दुसरा पुरावा नसतो.

पाच दिवसांत प्राथमिक आकडा आला: साडेचार कोटींच्या थोडं वर. फेब्रुवारी 2025 मध्ये अंतिम आला, 4 कोटी 61 लाख. त्यात 15 वर्षांखालची मुलं 36 टक्के. प्राथमिक आकड्यांत कुर्दिस्तान प्रदेशाची लोकसंख्या 63 लाखांच्या वर होती, म्हणजे देशाच्या सुमारे 14 टक्के. फोरमनने लॉगबुकच्या मागच्या पानावर लगेच हिशोब मांडला. बगदाद अर्थसंकल्पात कुर्दिस्तानला 12.67 टक्के धरतं, म्हणजे इतकी वर्षं कमी मिळतंय. हाजी म्हणाले, त्या 14 टक्क्यांत अर्बिलचे तुर्कमेनही आहेत, त्यांना कुर्दांत का धरतोस? फोरमन म्हणाला, मग किरकूकचे कुर्द तर त्या आकड्यात नाहीतच, ते कुठे धरायचे? मी हँडओव्हरची सही मागितली, दोघांनी माझ्याकडे न बघता सही केली, आणि वाद सुरूच ठेवला.