पिट्सबर्गचे पायरेट्स, २०२५चा नवा सीझन आणि सहा वर्षांची अट

बब्बा चँडलर हा बावीस वर्षांचा पोरगा ताशी शंभर मैलांच्या वेगाने चेंडू फेकतो. पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाच्या सगळ्या नव्या पोरांमध्ये आज त्याच्याइतकी आशा दुसऱ्या कुणावर नाही. तरी या महिन्यात (हे लिहितेय मार्च २०२५मध्ये) संघाने त्याला मुख्य शिबिरातून काढून खालच्या लीगमध्ये पाठवलं. गुरुवारी, २७ मार्चला, मायामीत पायरेट्सचा पहिला सामना आहे आणि चँडलर त्यात नसेल.

माझ्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, जन्माने पिट्सबर्गचे. पायरेट्सनी शेवटची वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली १९७९ साली. ती त्यांनी शाळकरी वयात पाहिली आणि तेव्हापासून दुसरीची वाट पाहताहेत. संघात चांगल्या बोलरची (इथे पिचर म्हणतात) गरज असताना हा पोरगा बाहेर का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालावर १७२ हा आकडा लिहिला आणि मग अर्धा तास मला हिशेब समजावून सांगितला. तो ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून हे लिहायला बसले. आज सकाळी आयपीएलची मुंबई-चेन्नई मॅच आहे, ती बाजूला लावून ठेवलीय.

हिशेब असा. मेजर लीगमधला (बेसबॉलची सर्वांत वरची लीग) खेळाडू सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत आपल्या मर्जीने संघ बदलू शकत नाही. त्याला विकायचं, दुसऱ्याकडे द्यायचं की खालच्या लीगला पाठवायचं, हे सगळं संघ ठरवतो. पहिली साधारण तीन वर्षं पगारही संघ म्हणेल तो, किमान रकमेच्या जवळपास. नंतरची तीन वर्षं लवादापुढे जाऊन भांडता येतं. सहा वर्षं भरली की तो मोकळा, मग सगळे संघ त्याच्यासाठी बोली लावणार. सीझन असतो सुमारे १८६ दिवसांचा आणि त्यातले १७२ दिवस मुख्य संघाच्या यादीत नाव असलं की 'एक वर्ष' धरतात. म्हणजे नव्या पोराला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे खालीच ठेवलं, की त्या सीझनचं वर्ष पूर्ण मोजलं जात नाही आणि सहाऐवजी जवळपास सात वर्षं तो संघाच्या हातात राहतो. २०१५मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटच्या बाबतीत हेच केलं. सीझनअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्याने तक्रार केली, ती २०२०मध्ये फेटाळली गेली. संघ नियमातच बसत होता.

चँडलरला याच हिशेबापायी खाली पाठवलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अजून तयारी हवी, असं संघ म्हणू शकतो आणि ते खरंही असू शकतं. पण ज्या खेळात हा नियम आहे, तिथे चाहत्यांच्या मनात दुसरा विचार येतच नाही.

सहा हा आकडा ऐकून मी गप्प का झाले, ते अमेरिकेत नोकरी केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, तीन अधिक तीन, म्हणजे सहा वर्षं. त्याच्या आत कंपनीने ग्रीन कार्डाचे कागद पुढे सरकवले तर मुदत वाढते, नाहीतर सामान बांधा. कागद सरकले तरी रांग आहेच. मार्च २०२५मध्ये भारतीयांच्या ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्डाच्या) रांगेत २०१२ सालच्या अर्जांना नंबर लागला होता. नोकरी बदलता येते, हे खरं. पण नवा मालक सगळे कागद नव्याने करायला तयार हवा, आणि मधल्या काळात नोकरी गेली तर हातात साठ दिवस. पगारवाढीच्या बैठकीत समोरच्यालाही हे सगळं माहीत असतं. ऑफिसातल्या त्या गृहस्थांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत आणि मग म्हणाले, 'हे तर आमच्या खेळाडूंपेक्षा वाईट आहे.' मला एकदम बरं वाटलं, आणि लगेच रागही आला. कुणी मला बांधून आणलेलं नाही. मी नागपूरहून स्वतःच्या मर्जीने आले, अटी वाचून सही केली, आणि या शहराने मला घर दिलंय, जे न्यू जर्सीत याच पगारात मिळालं नसतं. माझी कीव करायचं कारण नाही. हे त्यांनाही सांगितलं, जरा जोरातच.

पण खेळाडूंची बाजू घेतल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ही सहा वर्षंसुद्धा त्यांनी भांडून मिळवलीत. पूर्वी मुदतच नव्हती. संघ ठेवेल तोवर खेळाडू त्याचाच. १९६९मध्ये सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं आणि त्याने जायला नकार दिला. मी खरेदी-विक्रीचा माल नाही, असं त्याने लीगच्या प्रमुखाला, कमिशनरला, लिहून कळवलं. सुप्रीम कोर्टात तो १९७२मध्ये हरला आणि त्याची कारकीर्दही संपली. पण १९७५मध्ये लवादाने दोन पिचरच्या बाजूने निकाल दिला आणि ती साखळी तुटली. आज न्यूयॉर्क मेट्सनी हुआन सोतोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिलेत, त्याच्या मुळाशी फ्लड आहे.

आता पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्सकडे येते, कारण या सीझनची पिट्सबर्गची सगळी आशा या एका माणसावर आहे. एअर फोर्स अकॅडमीत शिकलेला, नव्या खेळाडूंच्या २०२३च्या निवडीत पहिल्या क्रमांकाने घेतलेला. गेल्या वर्षी, २०२४मध्ये, ११ मे रोजी पहिला सामना खेळला आणि सीझनअखेर त्याच्या नऊ इनिंगांमागे धावांची सरासरी होती १.९६. १३३ इनिंगांत १७० जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू चुकवून थेट बाद. नव्या खेळाडूंमधला सर्वोत्तम म्हणून त्याची निवड झाली. मालकांशी झालेल्या २०२२च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने एक कलम घालून घेतलं होतं, की या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष धरायचं. म्हणून मेमध्ये येऊनही स्कीन्सला पूर्ण वर्ष मिळालं. भांडून घेतलेलं एक कलम एका पोराचं एक वर्ष वाचवतं, हे मला या सगळ्या खेळातलं सर्वांत सुंदर वाटतं.

त्याचा यंदाचा, २०२५चा, पगार आहे ८ लाख ७५ हजार डॉलर. आणि याच महिन्यात त्याच्या पदार्पणाच्या जर्सीचा तुकडा लावलेलं, त्याचं चित्र असलेलं एक कार्ड लिलावात ११ लाख डॉलरच्या वर गेलं! लॉस एंजेलिसमधल्या ११ वर्षांच्या मुलाला ते नाताळात पाकिटात सापडलं होतं. पायरेट्सनी त्याला कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती, त्याच्या घरच्यांनी ती घेतली नाहीत. स्वतःच्या चित्रापेक्षा स्वस्त पडणारा माणूस यंदा पिट्सबर्गचा पहिला पिचर असेल.

मालक बॉब नटिंग यांच्याविषयी इथले लोक जे बोलतात ते सगळं लिहिता येणार नाही. जानेवारीत चाहत्यांच्या मेळाव्यात 'संघ विका' अशा घोषणा झाल्या. बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चाला वरची मर्यादा नाही, ठरावीक रकमेपुढे फक्त कर बसतो. त्यामुळे २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा खर्च ३० कोटी डॉलरच्या वर आणि पायरेट्सचा ९ कोटींच्या आसपास. छोटं शहर, कमी पैसा, असं मालकांच्या बाजूने सांगतात. पण याच शहरातल्या स्टीलर्सनी सहा सुपर बोल जिंकलेत, कारण त्यांच्या खेळात, अमेरिकन फुटबॉलमध्ये, मर्यादाही आहे आणि टीव्हीचा पैसाही वाटून मिळतो. आणि कॅन्सस सिटीसुद्धा मोठं शहर नाही. त्यांनी गेल्या वर्षी बॉबी विटशी २८ कोटी डॉलरच्या वरचा करार केला आणि २०२३मध्ये १०६ सामने हरलेला संघ २०२४मध्ये ८६ जिंकून प्लेऑफमध्ये गेला. मार्च २०२५पर्यंतचा पायरेट्सचा सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा होता, तो पावणेअकरा कोटी डॉलरचाही नव्हता. दोष नियमाचा आहेच, पण सगळाच नियमाचा नाही.

इथे मला आयपीएलचा अभिमान वाटतो, हे स्पष्ट लिहिते. लिलाव सगळ्यांसमोर, प्रत्येक संघाच्या खिशात सारखेच पैसे (२०२५साठी १२० कोटी रुपये होते), मालक कितीही श्रीमंत असो. अमेरिकेला खेळाचा धंदा आपण शिकवावा असं हे एक ठिकाण आहे. मामा फोनवर म्हणाले, 'काऊन पाहतं व ते बेसबॉल? आपली आयपीएल पाह्य ना.' पाहतेच मी. पण दर तीन वर्षांनी संघ मोडून नवा बांधला, की एखाद्या पोराला एकोणिसाव्या वर्षापासून वाढताना पाहायचा आनंद जातो. तो मला मिळतो तो रणजीत. तीन आठवड्यांपूर्वी जामठ्याला विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली. त्याआधी उपांत्य फेरीत मुंबईला हरवलं. हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका रणजी मोसमात इतके कुणीच घेतले नव्हते. यश राठोडने साडेनऊशेच्या वर धावा केल्या. २०१७च्या आधी विदर्भाचं नाव कुणाच्या अंदाजात असायचं? म्हणून पिट्सबर्गला कुणी 'छोटं शहर' म्हणालं की मी नागपूरकर म्हणून उत्तर द्यायला उभी राहते.

अंदाजांचीच इथे एक वेगळी दुनिया आहे आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे. प्रत्येक खेळाडूची मागची वर्षं, वय, दुखापती धरून यंत्रावर सगळा सीझन हजारो वेळा खेळवून पाहतात आणि मग संघ १६२पैकी किती जिंकेल ते सांगतात. भावनेला जागा नाही. यंदा बहुतेकांनी पायरेट्सना ऐंशीच्या आत धरलंय. मागची दोन्ही वर्षं ते ७६ जिंकून ८६ हरले, २०१८नंतर एकदाही निम्म्याहून जास्त जिंकले नाहीत. अंदाज चुकतातही, कॅन्सस सिटीसारखे. किंवा शिकागो व्हाइट सॉक्ससारखे, गेल्या वर्षी १२१ हरतील असं कोण म्हणालं होतं?

आता माझा हिशेब. त्यांच्या गटात पाच संघ. कब्जनी काइल टकरला आणलंय, टोकियोत डॉजर्सकडून दोन्ही सामने हरले तरी वर तेच राहतील. मिलवॉकीने गेल्या वर्षी ९३ जिंकले, पण विली अदामेस गेला, डेव्हिन विल्यम्स गेला. तरी ते दुसरे, कारण कमी पैशांत संघ बांधायची कला पिट्सबर्गने त्यांच्याकडूनच शिकायला हवी. सिनसिनाटीला टेरी फ्रँकोनासारखा अनुभवी मॅनेजर मिळालाय, आणि त्यांचा एली डे ला क्रूझ गेल्या वर्षी ६७ बेस चोरून (पिचर बेसावध असताना पुढच्या टप्प्यावर धावून) बसलाय. सेंट लुइस यंदा स्वतःच मागे सरकलंय.

पायरेट्सची पिचिंग पहिल्या तिघांत येईल इतकी चांगली आहे. स्कीन्स, मिच केलर, आणि जॅरेड जोन्स, पण जोन्सचं कोपर दुखतंय आणि पिचरचं कोपर दुखलं की पुढचं वर्षही हातचं राहत नाही. सामन्याच्या शेवटी येणारा पिचर डेव्हिड बेडनार इथल्याच मार्स गावचा, गेलं वर्ष त्याला फार वाईट गेलं, तो सावरायलाच हवा. खरी अडचण बॅटिंगची. पहिल्या बेससाठी आणलेल्या स्पेन्सर हॉरविट्झच्या मनगटाची शस्त्रक्रिया झालीय. ओनील क्रूझ सहा फूट सात इंचांचा, गेल्या वर्षी २१ होमरन (आपल्या षटकारासारखे) आणि बेसच्या २२ चोऱ्या, पण सेंटर फील्डमध्ये तो अजून नवा आहे. आणि अँड्र्यू मॅककचन, वय ३८, २०१३चा सर्वोत्तम खेळाडू, ज्याला २०१८मध्ये दुसऱ्याकडे दिलं आणि जो पाच वर्षांनी परत याच शहरात आला. त्याच्याविषयी मी तटस्थ लिहू शकत नाही. हिवाळ्यात संघाने बॅटिंगवर खर्च केला तो एवढा थोडा, की पिचरनी तीन धावा दिल्या तर सामना हातचा गेला असं धरून चालावं लागेल.

   

म्हणून माझा आकडा ७९ विजय, चौथा क्रमांक, सिनसिनाटीच्या मागे आणि सेंट लुइसच्या पुढे. ४ एप्रिलला यँकीजविरुद्ध घरचा पहिला सामना आहे, तिकीट काढलंय. आणि चँडलरला एप्रिलअखेर वर बोलावलं तर मी ८३ म्हणेन, प्लेऑफच्या दारापर्यंत. त्याला जूनपर्यंत खालीच ठेवलं, तर ७९ हाही मी उदारपणे दिलेला आकडा समजा.