सिटी कंपोस्टवरचा मका: खारट गोणीपासून कणसापर्यंत

वाफा ३ मीटर × २ मीटर, मुलुंडमधल्या एका सोसायटीची मागची पट्टी. वर वीतभर लाल माती, खाली सगळं रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा. अशा जागेला सिटी कंपोस्ट, म्हणजे शहरातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट, हवंच, पण ते मातीसाठी. मक्याचं पोट त्याने भरत नाही.

मे अखेर, गोणीची तपासणी
आधी ४ मिलिमीटरची चाळण. वर काच, करवंट्यांचे तुकडे, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे राहतात. काच चिमट्याने उचलायची. मग ओंजळभर कंपोस्ट ओलं करून झिपच्या पिशवीत तीन दिवस बंद. उघडताना अमोनियाचा किंवा नासका वास आला तर माल कच्चा. तो आणखी महिनाभर कुजू द्यायचा. नाहीतर कुजवणारे जीवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. या गोणीला पावसाळी मातीचा वास होता.

क्षारांसाठी २० ग्रॅम कंपोस्ट १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास अधूनमधून हलवून गाळलं. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा मीटर) १९०० पीपीएम. मीटर ०.५ चा गुणक धरत असेल तर ही क्षारता ३.८ डेसिसीमेन्स प्रति मीटर. खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टची मर्यादा ४. म्हणजे पास, पण काठावर. घरच्या कचऱ्यात मीठ घातलेलं शिजलेलं अन्न जातं, त्याचा हा हिशेब.

७ जून, मिसळणी
१५ किलो, म्हणजे चौरस मीटरला अडीच किलो, वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये कुदळीने एकजीव. एवढ्या थरात टनभर माती असते, त्यामुळे क्षार पातळ होतात. हेच कंपोस्ट मूठमूठ बियाच्या खड्ड्यात टाकलं तर कोंब तिथेच करपतो. बहुतेकांची चूक हीच.

आता नत्र. कंपोस्टमध्ये ०.८ टक्के धरलं तर १५ किलोत १२० ग्रॅम. पहिल्या हंगामात त्यातलं साधारण १२ ते १८ ग्रॅमच सुटतं. मक्याची शिफारस हेक्टरी १२० किलो, या वाफ्याला ७२ ग्रॅम. तूट ५५ ते ६० ग्रॅम, म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम युरिया, तीन हप्त्यांत. नुसतं कंपोस्ट वाढवून ही तूट भरायला गेलं तर क्षारही तितक्याच पटीने वाढतात.

१५ जून, टोकणी
स्वीट कॉर्न, ६० × २० सेंटिमीटर, ४ सेंटिमीटर खोल, गादीवाफ्यावर. पाच ओळी, पन्नास रोपं. एकाच लांब ओळीत लावलं तर परागकण वाऱ्याने बाहेर जातात आणि कणसं बोळकी निघतात. युरियाचा पहिला हप्ता ओळीपासून चार बोटं दूर.

जुलै
संततधारेत चौथ्या दिवशी खालची पानं टोकापासून मधल्या शिरेकडे इंग्रजी व्ही आकारात पिवळी. हे नत्र धुपल्याचं लक्षण. उघडीप मिळताच दुसरा हप्ता आणि बुंध्याला मातीची भर. पावसात युरिया टाकणं म्हणजे गटाराला खत घालणं. वाफा २० सेंटिमीटर उंच नसता तर मुळं गुदमरली असती. कंपोस्ट पाणी धरतं, ही त्याची पावसाळ्यातली खोड.

पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा आणि पानांना ओळीने भोकं: लष्करी अळी, २०१८ पासून देशात ठाण मांडलेली. अळी लहान असेतो १५०० पीपीएमचं निंबोळी अर्क ५ मिलिलिटर प्रतिलिटर, थेट पोंग्यात, संध्याकाळी.

ऑगस्ट
तुरा आल्यावर तिसरा हप्ता, तोही उशिराच. तुऱ्याच्या आठवडाभर आधी हवा होता. भिजलेला तुरा पराग सोडत नाही, म्हणून कोरड्या सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान तुरे हलवून पराग कणसांच्या केसांवर झटकले. एक केस म्हणजे एक दाणा. केस आल्यापासून साधारण २० दिवसांनी, ते तपकिरी झाले आणि नखाने दाण्यातून दूध आलं की तोडणी.

या वाफ्यात पुढे पालक किंवा माठ घेणार नाही. कचऱ्यातल्या सेलमधून आलेले शिसं-कॅडमियमसारखे धातू मक्याच्या दाण्यात कमी, पालेभाजीच्या पानात जास्त उतरतात. कंपोस्टचा प्रयोगशाळेतला अहवाल हाती येईपर्यंत मक्यानंतर चवळी.